विजेचा झटका हा दैवाचा कोप नव्हे

(जुना जालना येथें महात्मा जोतीराव फुले यांच्या जयंतीनिमित्त ११ एप्रिल रोजीं भरलेल्या सभेंत एका वायरमन मिस्त्रीनें केलेलें भाषण.)



जयंतीच्या दिवशीं जोतीरावांच्या तसबिरीला हार घालावा, विद्वानांनीं बोलावें आणि आपण माना डोलवाव्या, अशी आपल्याकडे चाल पडली आहे. मी विद्वान नाहीं. दहावी झाल्यावर आय. टी. आय. मध्यें दोन वर्षें काढलीं, आणि तेव्हांपासून पक्कड व टेस्टर घेऊन याच गल्ल्यांतून फिरतों आहें. तेव्हां मी धंद्यांतलेंच बोलणार. कोणास वाटेल, आजच्या दिवशीं हा काय विषय! परंतु ११ एप्रिल ही तारीख आणि माळ्यावरचा कूलर खालीं काढण्याची वेळ आपल्या जालन्यांत एकच पडते. या दोहोंचा संबंध आहे असें माझें मत आहे. तो आहे कीं नाहीं, हें ऐकून झाल्यावर तुम्हीच ठरवा.

पहिल्यानें माझी चूक सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं मे महिन्यांत या जुन्या जालन्यांतल्या एका घरीं मीं कूलरचा पंप बदलून दिला. घर कोणाचें तें सांगत नाहीं. कूलर लोखंडी पत्र्याचा, त्याची वायर तीन पदरी, पण भिंतीवरचें सॉकेट दोन भोकांचें. तिसरी हिरवी वायर जोडावी कोठें? सगळे मिस्त्री करतात तेंच मीं केलें. पक्कडीनें हिरवी वायर मुळाशीं कापली, बाकीच्या दोहोंना टू-पिन लावली, पंखा फिरतो आणि पाणी चढतें एवढें पाहिलें, पैसे घेतले आणि दुसऱ्या कामावर गेलों. चौथ्या दिवशीं दुपारीं त्या घरची सून चालू कूलरमध्यें पाणी ओतीत होती. पाय अनवाणी, फरशी ओली, एक हात टाकीच्या कडेवर. ती तेथेंच चिकटली. ओरडूं म्हणे तर तोंडांतून शब्द निघेना. सासू धुण्याला बसण्याच्या तयारींत होती. तिनें सुनेला हात लावला नाहीं. हातांतल्या कोरड्या धोपटण्यानें तिनें वायरीवर असा तडाखा दिला कीं पिन सॉकेटांतून उपटून खालीं पडली. तिला ही अक्कल कोणी शिकविली होती देव जाणे. पण त्यामुळें एकीच्या जागीं दोघी जावयाच्या, त्या दोघी वाचल्या. सुनेच्या तळहातावर भाजल्याचा डाग अजून आहे.

आतां पुढें काय झालें तें ऐका. कोणी म्हणालें, कूलर शनिवारीं आणला होता. कोणी म्हणालें, वास्तूला दोष आहे. पंचांग निघालें, वास्तुशांत झाली, पन्नास पानें उठलीं, भटजींना दक्षिणा पोंचली. मग मला बोलावणें आलें. मीं म्हटलें, "परसांत खड्डा घेऊन अर्थिंग करून घ्या." घरधनी म्हणाले, "मिस्त्री, आतांच एवढा खर्च झाला आहे, पुढल्या वर्षीं बघूं." मला त्यांचा राग आला नाहीं. राग येण्याचा मला हक्कच नव्हता. हिरवी वायर मीं कापली होती, आणि तें त्यांना सांगण्याची माझी छाती त्या दिवशीं झाली नाहीं. आज चारचौघांत सांगतों आहें.

तर त्या पत्र्यांत वीज आली कोठून?

तुम्ही शेतकरी माणसें आहां, पाट तुम्हांला ठाऊक आहे. वीज घरांत एका तारेनें येते, तिला आम्ही फेज म्हणतों; काम करून दुसऱ्या तारेनें परत जाते, ती न्यूट्रल. पाट धड आहे तोंवर पाणी पाटांतून जातें. पाट मध्येंच फुटला कीं जिकडे उतार तिकडे पाणी धांवतें. विजेचा उतार जमिनीकडे असतो. कारण गल्लीच्या तोंडाशीं जी डी. पी. उभी आहे, तिचा न्यूट्रल तेथेंच जमिनींत गाडलेला असतो. जमिनींत शिरलेली वीज त्या वाटेनें आपल्या घरीं परत जाऊं शकते. कूलरचा पंप पाण्यांत बुडालेला. त्याच्या वायरीचा जोड उघडा पडला, किंवा आंतल्या तारेवरचा लेप गेला, कीं पाण्यांत वीज उतरते. पाण्यांतून पत्र्यांत येते आणि तेथें वाट पाहत बसते. कूलर लांकडी स्टुलावर असतो, म्हणून तिला जमिनीकडे जावयास रस्ता नसतो. पंखा फिरतच असतो, हवा थंडच येते. मग ओल्या पायांचें माणूस पत्र्याला हात लावतें आणि रस्ता तयार होतो. तो रस्ता हातांतून छातींत आणि छातींतून पायांत जातो.

"पण आमच्या बोर्डावर एम. सी. बी. आहे, ती पडली कां नाहीं?" असें मला घरोघरीं विचारतात. प्रश्न बरोबर आहे. ओल्या माणसाच्या अंगाचा विरोध सुमारें एक हजार ओहम धरा. वीज २३० व्होल्टची. म्हणजे अंगांतून जाईल पाव अँपिअरहूनही कमी. पण माणूस चिकटून बसावयास १० ते १५ मिलिअँपिअर पुरतात, आणि ३० मिलिअँपिअरच्या पुढें श्वासाला व काळजाला धोका सुरू होतो. पाव अँपिअर म्हणजे २५० मिलिअँपिअर. आणि तुमची एम. सी. बी. १६ अँपिअरची, म्हणजे सोळा हजार मिलिअँपिअरची! तिच्या लेखीं मरणारें माणूस म्हणजे एक लहानसा दिवा. ती वायर जळूं नये म्हणून बसविलेली आहे, माणूस मरूं नये म्हणून नव्हे. हा भेद दुकानदार सांगत नाहीं, आणि आम्ही मिस्त्रीही सांगत नाहीं.

अर्थिंग म्हणजे त्या चोरट्या विजेला माणसाच्या अंगाहून सोपा रस्ता अगोदरच करून ठेवणें. थ्री-पिनची वरची पिन इतर दोघींहून लांब व जाड कां असते, हें कधीं पाहिलें आहे काय? लांब अशासाठीं कीं लावतांना ती सर्वांच्या अगोदर लागावी आणि काढतांना सर्वांच्या शेवटीं सुटावी. जाड अशासाठीं कीं चुकूनही फेजच्या भोकांत जाऊं नये. ज्या कोणी ही पिन घडविली, त्यानें तुमच्या घरच्या लेंकरांचा विचार केला होता. आणि आपण काय करतों? ती पिन मोडून टू-पिनच्या भोकांत घालतों. नळाला पाणी आलें कीं मोटर लावण्याची घाई होते, पिन सांपडत नाहीं, मग वायरींचीं उघडीं टोकें भोकांत खुपसून आगकाडीनें घट्ट करतों. हें मीं याच वस्तींत पाहिलें आहे, आणि ओल्या अंगणांत पाहिलें आहे.

कित्येक घरांत थ्री-पिन सॉकेट आहे, पण त्याच्या मागें अर्थची तारच नाहीं. तोंडदेखलें भोक आहे. कित्येक घरांत तार आहे, ती भिंतींतून बाहेर येऊन नळाच्या पाईपाला गुंडाळली आहे. पूर्वीं नळ लोखंडाचे होते तेव्हां लोक तसें करीत. आतां पाईप प्लास्टिकचे आले, आणि ती तार तशीच लोंबकळते आहे. आपलें जालना पोलादासाठीं देशांत ओळखलें जातें. औद्योगिक वसाहतींतल्या भट्ट्यांवर घाम गाळणारीं माणसें आपल्याच वस्त्यांतलीं आहेत. जेथें इतकें लोखंड वितळतें, तेथल्या घराच्या परसांत एक लोखंडी नळी गाडलेली नसावी, याला काय म्हणावें?

नळी कशी गाडावी तें सांगतों. जस्ताचा मुलामा दिलेली, आंतून निदान ३८ मिलिमीटर रुंदीची, अडीच मीटर म्हणजे सवाआठ फूट लांब. घराच्या भिंतीपासून पांच फूट दूर, जेथें ओल राहते अशी जागा पाहावी. नळीभोंवतीं कोळसा आणि मीठ यांचे थर देण्याची जुनी रीत आहे. त्यानें ओल धरली जाते, पण मीठ हळूहळू नळीही खातें, म्हणून थोडकें वापरावें आणि दर दोन-चार वर्षांनीं जोड उघडून पाहावा. आपल्याकडे काळ्या मातीची एक खोड आहे. पावसाळ्यांत ती ओल अशी धरते कीं अर्थिंगला तिच्यासारखी माती नाहीं. उन्हाळ्यांत तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि नळी व माती यांची सोयरीक तुटते. जेथें हातभर खालीं मुरूम लागतो तेथें तर आणखी अडचण. म्हणजे कूलर ज्या दिवसांत चालतो, नेमकें त्याच दिवसांत अर्थिंग आजारी असतें! २०१२-१३ च्या दुष्काळांत टँकरच्या घागरीसाठीं जेथें भांडणें होत होतीं, तेथें खड्ड्यांत पाणी कोण ओतणार? चांगलें पाणी ओतूं नका. न्हाणीचें सांडपाणी त्या बाजूला वळवा. वर फरशी घालून खड्डा बुजवूं नका.

आतां एक गोष्ट जरा लक्ष देऊन ऐका, कारण ती पुष्कळ मिस्त्रींनाही कळलेली नाहीं. अर्थिंग केलें म्हणजे झालें, असें नव्हे. समजा उन्हाळ्यांत तुमच्या नळीचा विरोध २० ओहम झाला. पत्र्यांत फेज उतरली, तर नळींतून जाईल २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. १६ अँपिअरची एम. सी. बी. पडणारच नाहीं! वीज जमिनींत वाहत राहील, बिल वाढेल, आणि पत्रा जिवंतच राहील. म्हणून नळीच्या जोडीला बोर्डावर आर. सी. सी. बी. पाहिजे; बाजारांत तिला बहुतेक जण जुन्या नांवानें ई. एल. सी. बी. म्हणतात. हें यंत्र हिशेबी आहे. फेजनें किती गेली आणि न्यूट्रलनें किती परत आली, एवढेंच तें मोजतें. घरच्या कामाला ३० मिलिअँपिअरचें घ्यावें. गेली आणि आली यांत तेवढा फरक पडला कीं तें जास्तींत जास्त ०.३ सेकंदांत सर्व घराची वीज तोडतें. गळती मोठी असेल तर त्याहून पुष्कळ लौकर. अर्थिंग असेल तर माणसानें हात लावण्याच्या अगोदरच बटण पडतें. अर्थिंग नसेल तर झटका बसतो, पण धरून ठेवीत नाहीं. त्यावर एक लहान बटण असतें, तें महिन्यांतून एकदां दाबून पाहावें. पडलें नाहीं तर यंत्र मेलें असें समजावें. मात्र कोणी एका हातांत फेज आणि दुसऱ्या हातांत न्यूट्रल धरील, तर हें यंत्र त्याला वांचवूं शकत नाहीं, कारण हिशेब बरोबर जुळतो! याची किंमत बहुतेक स्मार्टफोनहून कमी आहे, आणि मोबाइल तर घरांत माणशीं एक आहे.

शेतावरचें थोडक्यांत सांगतों. विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर लोखंडी पेटींत असतो, आणि ती पेटी लांकडी खांबावर ठोकलेली असते. पावसांत भिजलेल्या हातानें तिचें झांकण उघडतांना किती कर्ते पुरुष गेले, याचा आपल्या मराठवाड्यांत गांवोगांव अनुभव आहे. त्या पेटीला अर्थ द्या. न्यूट्रल तुटला म्हणून जमिनींत सळई ठोकून तिच्यावर दिवा किंवा मोटर चालविण्याची जी युक्ति आहे, ती ताबडतोब सोडा. त्या सळईला व तिच्या तारेला शिवणारें गुरूं किंवा पोर ज्या जागीं पडेल तेथेंच राहील. आणि बायांनो, धुणें वाळत घालावयास लोखंडी तार बांधूं नका. तिचें एक टोंक पत्र्याच्या घराला असतें, पत्र्यावरून सर्व्हिस वायर गेलेली असते, ती घासून घासून सोलते. मग ओलें लुगडें टाकणारी चिकटते, तिला सोडवावयास धांवणारा चिकटतो, आणि एका घरांतून दोन-दोन तीन-तीन तिरड्या निघतात. नायलॉनची दोरी बांधा. याला मिस्त्री लागत नाहीं आणि मुहूर्तही लागत नाहीं.

कोणी चिकटलेंच तर पहिल्यानें मेन बंद करावें. तें जमलें नाहीं तर कोरड्या लांकडानें वायर दूर करावी. अंगाला हात लावूं नये. श्वास नसेल तर तळवे चोळीत किंवा अंगावर माती टाकीत बसूं नये. छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला शंभर ते एकशेंवीस वेळां, दोन इंच खोल, जोरानें दाबीत राहावें आणि दुसऱ्यानें १०८ ला फोन करावा. गाडी येईपर्यंत थांबूं नये. दवाखाना सोडून देवऋष्याकडे नेऊं नये, हें जुन्या जालन्यांत अजून सांगावें लागतें याची लाज वाटते.

आतां जोतीरावांकडे येतों. १८८२ सालीं त्यांनीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन ठेवलें, त्यांत खेड्यांतल्या शाळांत काय शिकवावें हें सांगतांना मोडी, बालबोध आणि हिशेब यांच्या जोडीला शेतीचें मूळ ज्ञान व आरोग्याचे नियमही शिकवावे असें मागितलें. पुढल्याच वर्षीं लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत, जन्मापासून मरणापर्यंत धर्माच्या नांवानें शेतकऱ्याच्या कनवटीचा पैसा कसा सुटतो, तें त्यांनीं दाखविलें. मीं सांगितलेल्या घरीं वास्तुशांतीला पैसा होता, खड्ड्याला नव्हता. तो ग्रंथ जुना झाला असें कोणी म्हणूं लागलें, कीं मला तें घर आठवतें.

परंतु सगळा दोष भटजींवर टाकून मोकळें होणें सोपें आहे, आणि मला तें करावयाचें नाहीं. आम्ही मिस्त्री काय निराळें करतों? बोर्ड उघडला कीं आम्ही पाठ अशी करतों कीं घरच्या माणसाला आंतलें दिसूं नये. कोणी विचारलें, "मिस्त्री, काय बिघडलें होतें?" तर म्हणतों, "तुम्हांला नाहीं कळायचें." जाळलेली कॉईल दाखवितों आणि चांगलीचे पैसे घेतों. विद्या लपवावी, भीति घालावी आणि तिच्यावर पोट भरावें, हा धंदा ज्यांच्याकडून जोतीरावांनीं सोडविला, त्यांच्याच गादीवर आम्ही पक्कड घेऊन बसलों आहों. पोट सर्वांना आहे, मलाही आहे. पण वीस वर्षांत माझा अनुभव असा कीं ज्या घरीं मीं सर्व उघडून दाखविलें, तें घर मला सोडून दुसऱ्याकडे गेलें नाहीं.

आणि आपणही हाताच्या कामाला हलकें मानूं लागलों आहों. सुताराच्या पोराला रंधा धरावयाची लाज, लोहाराच्या पोराला भात्याची लाज! कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे सुतार मिस्त्रीच्या घरचे. चुलतभाऊ आनंदराव यांच्यासह त्यांनीं सिनेमाचा कॅमेरा घरीं बनविण्याचा घाट घातला. १९१६ सालीं आनंदराव वारले, तरी बाबूरावांनीं दामल्यांच्या मदतीनें १९१८ च्या सुमारास तो पुरा केला, आणि त्यांचा 'सैरंध्री' हा बोलपट नव्हे, मूकपट १९२० सालीं लोकांनीं पाहिला. यंत्र उघडून पाहण्याची त्यांना भीति वाटली नाहीं, एवढेंच मला सांगावयाचें आहे.

याचा अर्थ उद्यां सकाळीं सगळ्यांनीं बोर्ड खोलावा असा नव्हे. कायद्याप्रमाणें दिवा, पंखा, फ्यूज, स्विच असल्या वस्तु जशाच्या तशा बदलणें घरच्या माणसाला चालतें; वायरिंग वाढविणें, बदलणें, मीटरला हात लावणें हें परवानेवाल्याचें काम आहे, आणि तें त्यालाच करूं द्यावें. पण तो करीत असतां तुम्ही उभें राहून पाहावें. त्याला म्हणावें, "फेज आणि अर्थ यांच्यामध्यें दिवा लावून दाखव." फेज-न्यूट्रलवर जसा लख्ख लागतो तसाच लागला तर अर्थ निदान जोडलेला आहे, मंद लागला किंवा लागलाच नाहीं तर खड्ड्यांत खोट आहे. आर. सी. सी. बी. असेल तर ती पडेल, आणि तेंही ठीकच. हें करतांना घरांतल्या कोणत्याही यंत्राला कोणी शिवूं नये, कारण अर्थ खोटा असेल तर सगळ्या पत्र्यांत वीज येते. नुसत्या टेस्टरच्या उजेडावर भरंवसा ठेवूं नये. टेस्टर फेज दाखवितो, अर्थ चांगला कीं वाईट तें दाखवीत नाहीं.

हें पाहावयास घरांतल्या बाईनें उभें राहावें, असा माझा आग्रह आहे. पुरुष म्हणतात, तिला काय कळतें. कूलरमध्यें पाणी कोण भरतें? मोटर कोण लावतें? धुणें कोण वाळत घालतें? ज्याचा हात पत्र्याला लागतो त्यालाच ही विद्या पहिल्यानें पाहिजे. पिन लावतांना हिरवी तार वरच्या मोठ्या पिनेला, एवढें तर शाळेंतल्या पोरीला पांच मिनिटांत येतें. माझ्या घरीं माझ्या सातवींतल्या मुलीनें या आठवड्यांत शेजारच्या चार पिना बदलल्या. मेन बंद करून, अर्थात्.

आणि कूलरचा पहिला नेम हा, कीं पाणी भरण्याच्या अगोदर बटण बंद करून भागत नाहीं, पिन उपटून बाजूला ठेवावी. पुष्कळ बोर्डांत बटण न्यूट्रलवर असतें, बंद केलें तरी फेज आंत पोंचलेलीच असते. माळ्यावर वर्षभर पडलेल्या कूलरची वायर उंदरांनीं कुरतडली आहे काय, तें पाण्याचा थेंब घालण्यापूर्वीं हात फिरवून पाहावें. तेव्हां पिन लावलेली नसावी, हें निराळें सांगावयास नको.

माझें बोलणें लांबलें. सभा झाल्यावर ज्यांना पाहावयाचें असेल त्यांनीं या जागेच्या मागल्या परसांत यावें. तेथें खड्डा सहा फूट खणून झाला आहे, आणखी दोन फूट खणावयाचा आहे. मुरूम लागल्यामुळें पहार दमली आहे. नळी आणि कोळसा मीं आणला आहे. दिवा लावून दाखवितों. आणि ज्या घरची हिरवी वायर मीं कापली, त्या घरीं उद्यां सकाळीं मी स्वतः जाणार आहें; त्यांच्या परसांतली जागा मीं तेव्हांच पाहून ठेवली होती. मजुरी घेणार नाहीं. खणावयास दोन जण बरोबर आले तर बरें होईल.